रीमा लागू : कोकी की देवकी? (सलमानची आई सोडून बोला)

कडक_भाकरी
मंडळी, मदत हवी आहे. जुळे सोलापुरात आमची बायकांची भिशी आहे, चौदा जणींची. नुसतं खायचं आणि चिठ्ठी काढायची याचा कंटाळा आला म्हणून गेल्या वर्षीपासून दर महिन्याला एकीने पंधरा मिनिटं एखाद्या कलाकाराबद्दल बोलायचं असं ठरलंय. मे महिना माझ्या वाट्याला आलाय आणि तारीख निघाली 18 मे. म्हणजे रीमा लागूंचा स्मृतिदिन. 2017 साली याच तारखेला त्या गेल्या, वय फक्त 58. म्हटलं, आता दुसरं कोणी नको, यांच्यावरच बोलायचं.

ग्रुपवर नाव टाकलं तर तेरापैकी अकरा जणींचं उत्तर एकच, "हां, सलमानची आई!" उरलेल्या दोघींनी अंगठा दाखवला.

माझी नेमकी तक्रार हीच आहे. 1994 साल घ्या. 'हम आपके हैं कौन'मध्ये बाई माधुरीची आई. त्याच वर्षी 'तू तू मैं मैं' सुरू झाली, तिथे सुप्रिया पिळगावकरची सासू, देवकी. माधुरी आणि सुप्रिया दोघी 1967 च्या, रीमा 1958 च्या. नऊ वर्षांच्या अंतरात एकीची आई, दुसरीची सासू! आणि त्याच सुमारास 'श्रीमान श्रीमती'त त्या कोकी होत्या, जिच्यामागे शेजारचा दिलरुबा येडा झालेला. मोठ्या पडद्यावर डोळ्याला पदर आणि छोट्या पडद्यावर हे. पंधरा मिनिटांत मला फक्त टीव्हीवरची विनोदी रीमा दाखवायची आहे. तर सांगा, कोकी घेऊ की देवकी? दोन्हींना वेळ पुरणार नाही.

शेंगाचटणी
आधी भिशीला खायला काय आहे ते सांगा. मग मत देतो.

मंगळवार_पेठ
कोकी. डोळे झाकून कोकी. विषय संपला.

विजापूर_वेस
विषय कसा संपेल बे? देवकी म्हणजे देवकी. आमच्या घरी 'तू तू मैं मैं' लागली की आई आणि आजी दोघी शेजारी शेजारी बसून बघायच्या आणि दोघीही हसायच्या, पण कधीच एका जागी नाही. आजी हसली की आई भिंतीकडे बघणार, आई हसली की आजीला खोकला येणार. मी मध्ये बसायचो, रेडक्रॉससारखा.

पूर्वभागवाला
विजापूर_वेस, हे वाचून आमचं घर आठवलं. आम्ही पद्मशाली. आमच्याकडे त्या मालिकेला तिच्या नावाने कोणी ओळखायचंच नाही, 'अत्ता-कोडलु लागली का' असं विचारायचे. म्हणजे सासू-सून. पलीकडच्या घरातल्या कन्नड काकू तिलाच 'अत्ते-सोसे' म्हणायच्या. हिंदी मालिका, दोन्ही मुख्य नट्या मराठी, बघणारे तेलुगू नि कन्नड. सोलापूर आहे हे, चालायचंच.

आमची अव्वा, म्हणजे आजी, विड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात भिजवून मऊ केलेली पानं, कापायची कात्री, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. दिवसाला हजारचा हिशोब. तिचे हात बघितलेत त्यांनाच कळेल, मान टीव्हीकडे आणि बोटं आपली आपली चालू. पान, तंबाखू, वळ, टोक दाब, दोरा. भांडण कितीही रंगलं तरी अव्वाचे हात थांबायचे नाहीत. सुप्रिया तडातडा बोलत सुटली तरी विडी चालूच. पण रीमा गप्प झाली ना, म्हणजे सुनेचं सगळं ऐकून घेऊन ती नुसती एक क्षण बघायची बघा, तेव्हा अव्वाचा दोरा तसाच बोटात राहायचा. आता काय बोलते की काय की, म्हणून. मग रीमा अगदी हळू आवाजात काहीतरी एकच वाक्य टाकायची, अव्वा "अय्यय्यो" करून हसायची आणि ती विडी हमखास सैल व्हायची. कारखान्यात छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली की शिव्या देवकीला.

तेव्हा माझं मत देवकीला. अव्वाच्या छाट विड्यांची शपथ.

कडक_भाकरी
पूर्वभागवाला, हे मी भिशीत जसंच्या तसं सांगितलं तर चालेल का? आमच्यात तुमच्या भागातल्या दोघी आहेत, त्यांच्याही घरी विड्या व्हायच्या.

पूर्वभागवाला
सांगा की. फक्त माझं नाव सांगू नका, घरच्यांना वाटतं मी इथे शेअर मार्केटचं वाचतो.

टीव्ही_बघत_नाही
वाईट वाटून घेऊ नका, पण 'तू तू मैं मैं' म्हणजे अर्धा तास आरडाओरडा होता. सासू-सुनेच्या भांडणावर विनोद करायचा आणि त्याला अभिजात म्हणायचं? आणि 'श्रीमान श्रीमती'चा सगळा डोलारा कशावर? याचा डोळा त्याच्या बायकोवर, त्याचा डोळा याच्या बायकोवर. आज कोणी असं लिहिलं तर तुम्हीच नाकं मुरडाल.

मंगळवार_पेठ
नाव 'टीव्ही बघत नाही' आणि दोन्ही मालिकांची कथा तोंडपाठ. वा.

अनुराधा_पुणे
टीव्ही_बघत_नाही यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. मूळ कल्पना आजच्या नजरेने बघितली तर खटकते. आणि आज कोणी असं लिहीत नाही म्हणता? 2015 पासून चालू असलेली 'भाभीजी घर पर हैं' काय आहे मग? दोन शेजारी, दोन बायका, तोच साचा, आणि प्रेरणा 'श्रीमान श्रीमती'चीच.

पण फरक बघा. 'श्रीमान श्रीमती'त कोकीचा नवरा केशव कुलकर्णी सिनेनटी प्रेमा शालिनीच्या मागे आणि प्रेमाचा नवरा दिलरुबा कोकीच्या मागे. दोन्ही पुरुष बावळट. चारातली शहाणी एकच, कोकी. जतिन कनाकिया, राकेश बेदी, अर्चना पूरणसिंग हे तिघं आपापल्या परीने मोठं मोठं काम करतायत, म्हणजे हातवारे, आवाज, डोळे, सगळं फुल्ल. अशा तिघांच्या मध्ये उभं राहून लहान काम करणं किती अवघड असतं याची कल्पना नाटकात काम केलेल्यांना असते. सगळे ओरडत असताना जो हळू बोलतो त्याच्याकडे प्रेक्षक बघतो, पण त्यासाठी टायमिंग एक क्षणही चुकून चालत नाही. रीमाबाईंचं चुकायचं नाही.

मी 'सविता दामोदर परांजपे' पुण्यात पाहिलंय, खूप पूर्वी. शेखर ताम्हाणेंचं नाटक. त्यात बाईंच्या अंगात दुसरीच कोणी संचारते, असा सगळा प्रकार. त्या रात्री आम्ही चौघी मैत्रिणी रिक्षात एक शब्द बोललो नाही. घरी जाऊन मी न्हाणीघराचा दिवा चालू ठेवून झोपले. काही वर्षांनी तीच बाई टीव्हीवर नवऱ्याकडे भुवई उंचावून बघते आणि मी फिदीफिदी हसते! माझ्या मते ते दोन्ही एकाच जागेतून आलेलं होतं. नाटकात ती थांबली की भीती वाटायची, मालिकेत थांबली की हसू यायचं. थांबणं तेच.

विजापूर_वेस
हे थांबण्याचं पूर्वभागवाल्याच्या अव्वाने आधी सांगितलंय. श्रेय द्या.

अनुराधा_पुणे
दिलं! अव्वांना साष्टांग. मी इतका वेळ घेऊन जे लिहिलं ते त्यांच्या एका दोऱ्यात होतं.

सात_रस्ता
एक भाबडी शंका. रीमा लागू या श्रीराम लागूंच्या कोण? मुलगी की सून?

निवृत्त_कारकून
कोणीच नाही. हा प्रश्न या देशात दर चौथा माणूस विचारतो. त्यांचं मूळ नाव नयन भडभडे. विवेक लागूंशी लग्न झालं आणि त्या रीमा लागू झाल्या. आई मंदाकिनी भडभडे, त्याही रंगभूमीवरच्या, 'लेकुरे उदंड जाली'तल्या. तेव्हा अभिनय घरातलाच होता, पण तो भडभड्यांच्या घरातला, लागूंच्या नव्हे. मुलगी मृण्मयी, तीही याच क्षेत्रात आहे.

गंमत अशी की पडद्यावर मात्र श्रीराम लागूंच्या सून होत्या. 'सिंहासन' बघा, 1979 चा. तिथे सासरा-सून आहेत, आणि नातं फार सरळ नाही.

सात_रस्ता
धन्यवाद काका. चाळीस वर्षांचा गैरसमज फिटला. आता घरी बायकोला सांगायला हवं, ती माझ्याशी पैज हरली होती.

विजापूर_वेस
म्हणजे पैज तुम्ही हरलात. पैसे परत करा.

निवृत्त_कारकून
मूळ विषयावर माझं थोडं. मी बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली तेवीस सोलापुरात. पुष्कळांना माहीत नसतं की रीमाताई युनियन बँकेत नोकरीला होत्या. 1979 पासून साधारण दहा वर्षं. म्हणजे 'पुरुष' नाटक गाजत होतं, 'कलयुग' झाला होता, 'खानदान' मालिका लोकांच्या घरी पोचली होती, तरी बाई बँकेतच. 1988 ला 'कयामत से कयामत तक'मध्ये जुही चावलाची आई झाल्या आणि मग पुढे सिनेमाचं चाक असं फिरलं की नोकरी सुटली असणार.

आमच्या काळी बँकाबँकांच्या एकांकिका स्पर्धा म्हणजे काय होतं हे आताच्या मुलांना सांगून कळायचं नाही. संध्याकाळी रोकड जुळली की तालीम. रोकड जुळली नाही तर तालीम रद्द. एकदा आमचा नायक दहा रुपयाच्या फरकापायी साडेआठपर्यंत काउंटरमागे बसला होता आणि नायिका वैतागून शेवटच्या बसने अक्कलकोटला निघून गेली. मी स्वतः तीन वर्षं पोलीस झालो. संवाद एकच, "चला." पण त्याचीही तालीम करायचो, रजिस्टरं लावता लावता.

रीमाताईही आंतरबँक स्पर्धांत भाग घ्यायच्या. तेव्हा मी त्यांना कधी भेटलेलो नाही, बघितलेलंही नाही, उगाच फुशारकी नको. पण टीव्हीवर कोकी घरात वावरताना बघितली की मला आमच्या शाखेतल्या बायका आठवायच्या. समोर खातेदार तोंडाला फेस येईपर्यंत भांडतोय, आणि बाई शांतपणे पासबुकात नोंद करतायत, वर बघतसुद्धा नाहीत. नोंद झाली की पासबुक हातात देऊन "पुढचे." ते कुठल्या नाट्यशाळेत शिकवत नाहीत.

तेव्हा मत कोकीला.

शेंगाचटणी
काकांचा "चला" ऐकायला आवडेल. आणि भिशीत खायला काय आहे?

लक्ष्मी_विष्णू
मी यातलं जास्त काही बघितलेलं नाही कारण आमच्याकडे केबल नव्हती. दूरदर्शनची मेट्रो वाहिनी आणि नंतर स्टार प्लस, म्हणजे 'तू तू मैं मैं', ही केबलवाल्या घरांची श्रीमंती. आमच्याकडे सळईवाला अँटेना. वडील गिरणीत होते, नाव वरती वाचलंच असेल. गिरणी बंद पडली आणि घरात तीन गोष्टी बंद झाल्या: वर्तमानपत्र, रविवारचं मटण आणि केबल लावायची बोलणी.

भोंगा बंद झाल्यावर पहिले काही महिने वडील पहाटे उठून तसेच बसायचे. काय करायचं ते कळायचं नाही. रात्री मात्र शेजारी जाऊन 'श्रीमान श्रीमती' बघायचे. तो केशव कुलकर्णी बायकोला थापा मारतो आणि कोकीला सगळं कळत असतं, ते बघून वडील हसायचे. घरी आईला म्हणायचे, "तुलाही कळतंय ना सगळं?" आई म्हणायची, "काय?" ते म्हणायचे, "काही नाही." बाहेर ते कर्ज काढायला फिरत होते आणि आम्हाला सांगत नव्हते, हे मला फार उशिरा कळलं.

जतिन कनाकिया 1999 ला गेले तेव्हा वडिलांनी दुसऱ्या दिवशी पेपर विकत आणला होता. बंद केलेला पेपर, त्या दिवसापुरता.

कडक_भाकरी
लक्ष्मी_विष्णू 🙏

टीव्ही_बघत_नाही
माघार घेत नाही, पण वरचं वाचून गप्प बसतोय.

दाजी_लष्कर
मला एक कळत नाही. धागा सोलापूरचा, भिशी सोलापूरची, आणि चर्चा मुंबईच्या बाईची. आपल्या मातीतल्या कलाकार काय कमी आहेत? शशिकला सोलापूरच्या! 1932 साली इथे जन्मल्या. त्याही शेवटी टीव्हीवर आल्या होत्या, 'सोनपरी'त आजी. खाष्ट सासू बघायची तर शशिकलाबाई बघा, देवकी काय घेऊन बसलात.

विजापूर_वेस
दाजी आले. आता फैयाज येणार.

दाजी_लष्कर
येणारच! फैयाज सोलापूरच्या. 1967 ला 'कट्यार काळजात घुसली' आलं, त्यातली झरीना कोणी केली? बेळगावला नाट्यसंमेलन झालं त्याच्या अध्यक्षा कोण होत्या? लोकांना आपल्या गावचं काही माहीत नसतं आणि धागे काढतात.

अनुराधा_पुणे
दाजी, तुम्ही नकळत पूल बांधलात. 2015 च्या 'कट्यार' सिनेमात ती कट्यार स्वतः गोष्ट सांगते ना, तो आवाज रीमा लागूंचा आहे. म्हणजे नाटकातली झरीना सोलापूरची आणि सिनेमातली कट्यार आमच्या हुजूरपागेची. (हो, बाई शाळेत आमच्याच. हा शेरा मारायला मी कालपासून जागा शोधत होते.)

निवृत्त_कारकून
दुसरा पूल माझा. 'सिंहासन'चे दिग्दर्शक जब्बार पटेल, शिकले आपल्या हरिभाई देवकरणमध्ये. तेव्हा दाजी, रीमाताई सोलापूरच्या नसतील, पण सोलापूरच्या माणसाच्या हाताखालून गेलेल्या आहेत.

दाजी_लष्कर
असं असेल तर हरकत नाही. चालू द्या.

विजापूर_वेस
परवानगी मिळाली बरं का मंडळी 😄

नवी_सून_होटगी_रोड
मी वयाने लहान आहे, 1994 ला जन्मसुद्धा नव्हता. मला 'श्रीमान श्रीमती' सापडली ती 2020 च्या टाळेबंदीत, दूरदर्शनवर परत दाखवली तेव्हा. लग्न होऊन चारच महिने झाले होते आणि एकदम चोवीस तास सासू, सासरे, नवरा, दीर, मी, तीन खोल्या. सासूबाई आणि मी एकमेकींशी अतिशय गोड बोलायचो. इतकं गोड की मला भीती वाटायची.

एके दिवशी कोकी नवऱ्याची थाप ऐकून काहीच न बोलता नुसती मान तिरकी करते तेव्हा सासूबाई आणि मी एकदम हसलो, मग एकमेकींकडे बघितलं आणि मग दोघींनी नवऱ्याकडे बघितलं (माझ्या). त्याला कळेना काय झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात "कोकी मारली" असा वाक्प्रचार आहे. सासरे बाजारातून शिळी मेथी आणतात आणि ताजी म्हणून सांगतात तेव्हा सासूबाई कोकी मारतात.

देवकी मी नंतर यूट्यूबवर बघितली. तीही आवडली. पण एक विचारू का? देवकी ही भूमिका मोठी आहे, पण तिला लिहिणाऱ्याने भांडायला भरपूर दिलंय. कोकीला तसं कमी दिलंय, बाईंनी स्वतःच भरलंय. असं मला वाटतं. चूक असेल तर सांगा.

अनुराधा_पुणे
चूक अजिबात नाही. या धाग्यातलं सगळ्यात नेमकं वाक्य आहे.

मंगळवार_पेठ
मी दुसऱ्याच प्रतिसादात सांगितलं होतं. कोकी.

पूर्वभागवाला
थांबा थांबा. देवकीला असं सहज कमी लेखू नका. सचिन पिळगावकर दिग्दर्शक, सून म्हणजे सुप्रिया, दिग्दर्शकाची बायको. सासरे कुलदीप पवार, तेही तगडे. एखाद्या साध्या नटीला त्या घरात पाहुणी करून टाकलं असतं. बाईंनी ते घर ताब्यात घेतलं. आणि त्यांची सासू कधी विद्रूप केलेली नव्हती, हे बघा. डोळे वटारणारी, कट करणारी, मागे ढोल वाजणारी सासू पुढे दहा वर्षं सगळ्यांनी दाखवली. देवकीला आपली सून आवडते आणि तेच तिला कबूल करायचं नसतं, हे दर भागात दिसायचं. म्हणून आमची अव्वा तिच्या बाजूने आणि आमची आईही तिच्याच बाजूने. सून असून!

विजापूर_वेस
बरोबर. आणि 2013 ला झी मराठीवर 'तुझं माझं जमेना'त मानवा नाईकची सासू झाल्या तेव्हाही तोच धागा पकडला होता. नाव मराठी, भांडण तेच. 'तू तू मैं मैं'चाच मराठी अर्थ की हो तो!

सात_रस्ता
मला तर 'वास्तव'मधली आई सोडवत नाही राव. संजय दत्तची आई.

कडक_भाकरी
सात_रस्ता, धाग्याचं शीर्षक वाचा. आणि ऐका, संजय दत्त 1959 चा, रीमा 1958 च्या. एका वर्षाने मोठी आई! फिल्मफेअरची चार नामांकनं मिळाली, 'मैंने प्यार किया', 'आशिकी', 'हम आपके हैं कौन' आणि 'वास्तव', चारही आईसाठी, आणि बक्षीस एकदाही नाही. तिशीतच आईच्या रांगेत बसवलं ते बसवलं. टीव्हीने निदान त्यांना बाई म्हणून राहू दिलं, नटू दिलं, चिडू दिलं, नवऱ्याला फिरवू दिलं. माझा राग या गोष्टीवर आहे.

टीव्ही_बघत_नाही
हे मात्र पटलं. हे पंधरा मिनिटांत पहिलं सांगा.

निवृत्त_कारकून
शेवटपर्यंत टीव्हीच. गेल्या तेव्हाही 'नामकरण' मालिका चालू होती, त्यात खलनायिका, दयावंती. आदल्या दिवशीपर्यंत कामावर होत्या. बँकेच्या भाषेत, सेवेत असताना.

कडक_भाकरी
बरं, मतं मोजली. कोकी पाच, देवकी तीन, शशिकला एक. (दाजी, तुमचं मत नोंदवलंय.) कोकीच घेतेय. तीन तुकडे काढून ठेवलेत, लॅपटॉपवर दाखवीन. मध्ये अव्वांच्या विड्या आणि "कोकी मारली" सांगणार. 18 तारखेनंतर वृत्तांत लिहिते.

शेंगाचटणी
आणि खायला?

कडक_भाकरी
वृत्तांत.

बाहेर 43 अंश. चौदाच्या ऐवजी अकरा जणी आल्या, त्यातल्या दोघी मुलांना घेऊन. मी 1994 चं साल सांगितलं, आई आणि सासूचं नऊ वर्षांचं गणित सांगितलं, एकदम शांतता. मग लॅपटॉप उघडला आणि लाइट गेली. कूलर बंद, वायफाय बंद. मोबाइलवर दाखवायला गेले तर गोल गोल चक्र. अकरा जणी पदराने वारा घेतायत आणि मी हातात फोन धरून उभी.

मग आमच्यातली एक, पूर्व भागातली, म्हणाली, दाखवायला कशाला पाहिजे, आम्हाला येतं की. उठली, आणि दुसरीला केशव केलं. त्या केशवने अशी काही थाप मारली (ऑफिसात उशीर, मीटिंग वगैरे) आणि ही कोकी नुसती उभी. काही नाही. मान जराशी तिरकी. आम्ही हसून हसून खाली बसलो. मग प्रत्येकीने आपापली कोकी करून दाखवली. अकरा जणींच्या अकरा तऱ्हा. लाइट पावणेदोन तासांनी आली, तोवर कोणाच्या लक्षातही नव्हतं.

सासूबाई (माझ्या, वय 79) आतल्या खोलीच्या दारात स्टूल टाकून बसल्या होत्या. मी विड्यांचं सांगितलं, बँकेचं सांगितलं, तेव्हा काही बोलल्या नाहीत. सगळ्या गेल्यावर म्हणाल्या, "बँकेत होती होय ती? दहा वर्षं?" म्हटलं हो. म्हणाल्या, "मग घरी कोण बघायचं?"

मला उत्तर आलं नाही. मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले, तर म्हणतात कशा, "आता तू नको मारू ती कोकी. भांडी आवर."

नवी_सून_होटगी_रोड
😂😂 सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

पूर्वभागवाला
ती आमच्या भागातली कोकी कोण? नाव नको, गल्ली सांगा फक्त. माझी चुलत बहीण असायची शक्यता आहे.

शेंगाचटणी
वृत्तांत तीनदा वाचला. खाण्याचं एक अक्षर नाही.

कडक_भाकरी
धपाटे, दही, शेंगाचटणी आणि गव्हाची हुग्गी. आणि शेंगाचटणी उरली नाही.